पाठीवरचा मळ

सरकारी कचेरीत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाच्या कानी एक हिंदी म्हण केव्हा ना केव्हा पडतेच: 'हमाम में सब नंगे हैं.' आपणांपैकी ज्यांच्या नोकरीचा बराचसा काळ लखनौ, भोपाळ, पाटणा किंवा दिल्ली येथे गेला, त्यांना ती विशेष परिचयाची असेल. एखाद्या निविदेत काही काळेबेरे निघावे, एखाद्या बढतीमागचे खरे कारण बाहेर यावे, दुपारच्या चहाला त्याची चर्चा व्हावी, आणि मग कोणी अनुभवी गृहस्थाने कप खाली ठेवीत ही म्हण उच्चारावी, की चर्चा संपली. तिच्या उच्चाराबरोबर दोष उरत नाही आणि दोषीही उरत नाही. सगळेच उघडे असल्यावर कोणी कोणाकडे बोट दाखवावयाचे?

जरा बारकाईने पाहिले तर या म्हणीत दोन विधाने एकमेकांना चिकटलेली आढळतात. पहिले असे, की अंगावरचे कपडे उतरले म्हणजे माणसे सारखी होतात. दुसरे असे, की सारखी झालेली माणसे एकमेकांना जाब विचारू शकत नाहीत. पहिले विधान तत्त्वज्ञानाचे आहे, दुसरे सोयीचे. आणि पहिल्याच्या प्रतिष्ठेवर दुसरे सहज खपून जाते. म्हणून या दोहोंची परीक्षा एकदा नीट करून पाहणे इष्ट आहे. अडचण एवढीच, की ही म्हण वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी चालता हमाम पाहिलेला असतो. आपल्याकडचे हमामखाने जुन्या राजवाड्यांत आणि किल्ल्यांत कोरडे पडले आहेत. वाटाड्या बोट दाखवितो आणि आपण पुढे जातो. परीक्षा करावयाची तर ती जेथे हा प्रकार नित्याच्या व्यवहारात आहे, त्या ठिकाणीच केली पाहिजे. कामानिमित्त बुसानला जाण्याचा योग आला तेव्हा मला ती संधी मिळाली. त्या अनुभवाची आणि त्यातून सुचलेल्या विचारांची ही हकिकत आहे.

कोरिया हे नाव आपल्या मागच्या पिढीला परिचित झाले ते १९५३ साली. युद्धविरामानंतर युद्धकैद्यांची व्यवस्था पाहण्यासाठी भारताने तेथे संरक्षक दल पाठविले होते आणि त्याचे नेतृत्व कोल्हापूरकडच्या शंकरराव थोरातांकडे होते. आजच्या पिढीला तो देश श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींमुळे आणि रांजणगावच्या कारखान्यामुळे माहीत आहे. परंतु त्या लोकांची स्नानाशी असलेली जवळीक या दोहोंहून पुष्कळच जुनी आहे. ११२३ साली चीनच्या सुंग दरबाराने कोरियातील कोऱ्यो राज्यात एक शिष्टमंडळ पाठविले. त्यात श्यू जिंग नावाचा अधिकारी होता. आणि परमुलखात गेलेला अधिकारी जे करतो तेच त्याने केले, म्हणजे परत येऊन सविस्तर अहवाल लिहिला. त्यात तो नमूद करतो की हे लोक सकाळी स्नान केल्यावाचून घराबाहेर पडत नाहीत. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा स्नान करतात. कपडे काठावर ठेवून स्त्रीपुरुष एकाच ओढ्यात उतरतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. शिवाय चिनी लोक मळके असतात म्हणून ते त्यांना हसतात, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

पुढे १३९२ साली चोसन राजवट आली. कन्फ्यूशसच्या आचारधर्माचा पगडा बसला आणि उघड्या अंगाने स्नान करणे असभ्य ठरले. घरंदाज माणूस सगळी वस्त्रे एकदम न उतरविता एकेक अवयव धुऊ लागला. स्नान टिकून राहिले ते मुख्यतः औषध म्हणून. सेजोंग राजाच्या काळी रोग्यांना घाम आणविण्यासाठी बांधलेल्या उष्ण कोठड्या बौद्ध भिक्षू चालवीत. तेथे प्रकृती न पाहता रोग्यांना आत घेतात आणि काही दगावतात, असे कानी आल्यावर १४२२ साली राजाने त्यात लक्ष घालून बंदोबस्त करविला. खुद्द राजा १४३३ साली प्रकृतीसाठी ओन्यांगच्या उन्हाळ्यांवर जाऊन राहिला होता. त्यानंतर १९१० ते १९४५ या जपानी अमलात शहरांतून सार्वजनिक स्नानगृहे निघाली; स्वातंत्र्यानंतर, घरोघर गरम पाण्याची सोय नसल्यामुळे, ती गल्लोगल्ली पसरली. उंच धुराडे आणि वाफेच्या तीन रेघांचे चिन्ह दिसले की तेथे मोग्योकतांग, म्हणजे स्नानगृह आहे, हे लहान मुलालाही कळे. आठवड्यातून एकदा, आणि चांद्र नववर्षापूर्वी व चुसोक या शरद ऋतूतील सणापूर्वी तर हटकून, बापाने मुलाला व आईने मुलीला घेऊन तेथे जावे, अशी रीत पडली. १९९० नंतर याच कुळातील मोठमोठी विश्रामगृहे निघाली. तेथे स्नानानंतर मंडळी सुती कपडे घालून ऊन जमिनीवर लोळत पडतात. पण प्रस्तुत विषय जुन्या साध्या स्नानगृहाचा आहे. तेथे स्त्रियांचा व पुरुषांचा विभाग निराळा असतो, आणि आत कोणाच्याही अंगावर वस्त्र नसते.

या इतिहासावरून एक गोष्ट आधीच ध्यानात येते. एकाच लोकसमूहाला बाराव्या शतकात ज्या गोष्टीची लाज नव्हती तिची पुढे पाचशे वर्षे लाज वाटली, आणि विसाव्या शतकात ती पुन्हा वाटेनाशी झाली. तेव्हा नग्नतेची लाज ही निसर्गाने घातलेली वीण नव्हे. समाज ती घालतो आणि समाजच ती उसवतो.

बुसानच्या दोंगने भागात प्राचीन काळापासून प्रसिद्ध असे ऊन पाण्याचे झरे आहेत. तेथील एका स्नानगृहात माझ्या यजमान खात्यातील, साधारण माझ्याच हुद्द्याचे, एक गृहस्थ मला घेऊन गेले. पादत्राणे एका कप्प्यात आणि कपडे दुसऱ्यात गेले. जवळ उरली ती रबरी कड्यात ओवलेली एक किल्ली. ती मनगटावर चढवावयाची. तिच्यावर एक आकडा होता. माझे नाव, खाते, वेतनश्रेणी, नेमणुकीचे ठिकाण यांपैकी कशाचाही त्या आकड्याशी संबंध नव्हता. काचेचे दार सरकवून आत गेलो. ठेंगण्या आसनांवर बसून माणसे आधी साबण लावून अंग धूत होती, कारण अंग धुतल्यावाचून कुंडात उतरणे हा तेथे मोठा असभ्यपणा समजला जातो. पलीकडे चाळीस अंशांच्या आसपास ऊन पाण्याचे एक कुंड, त्याहून कढत एक आणि अगदी गार असे एक. वाफेत दहा-पंधरा माणसे गळ्यापर्यंत बुडून स्वस्थ बसली होती.

मला लाज वाटली हे सांगणे नलगे. परंतु ती नेमकी कशाची, याचा विचार कुंडात बसल्यावर सावकाश करता आला. लाज ही दुसऱ्याच्या डोळ्यांवर जगते असे आपण मानतो. आणि येथे तर माझ्याकडे कोणी पाहतच नव्हते. पुष्कळ विचारांती उलगडा झाला तो असा, की पाहत नव्हते म्हणूनच मी अवघडलो होतो. कचेरीच्या दारातून आत शिरलो की बोलणे थांबते, एखादी खुर्ची मागे सरते, कोणीतरी उठून उभे राहते. हे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की ते आपल्याला दिसतही नाही. येथे मी आत शिरलो तेव्हा काहीही थांबले नाही आणि काहीही सरले नाही. माझ्या अंगावरून निघाला होता तो सदरा नव्हे, तर लोकांनी मला पाहून करावयाची ती हालचाल निघाली होती.

आपल्या समाजात विवस्त्र राहण्याची मुभा मुख्यतः दोघांना आहे: तान्ह्या मुलाला आणि सिंहस्थात गोदावरीवर येणाऱ्या नागा साधूला. एकाला प्रतिष्ठा अजून मिळालेली नसते. दुसऱ्याने ती टाकून दिलेली असते. या दोन टोकांच्या मधला जो प्रपंची माणूस, तो घाटावर चारचौघांत बुडी मारील, परंतु पंचा सोडणार नाही. कोरियातील स्नानगृहात जो दिसतो तो यांपैकी कोणीच नव्हे. तो भरल्या संसारातला माणूस आहे. तासाभरापुरती प्रतिष्ठा खुंटीला लावतो आणि परत जाताना ती पुन्हा अंगावर चढवितो. ही तिसरी तऱ्हा आपल्याला अपरिचित आहे, आणि म्हणूनच विचार करण्याजोगी आहे.

तथापि येथपर्यंत येऊन 'पाहा, कपडे उतरले आणि माणसे समान झाली' असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. आम्ही कुंडात बसलो असतानाच माझ्या यजमानांच्या कचेरीतील एक तरुण योगायोगाने तेथे आला. यजमानांना पाहताच तो थबकला आणि, अंगावर सूतही नसताना, कमरेत वाकून त्याने त्यांना 'ग्वाजांग-निम' असे संबोधिले. ग्वाजांग म्हणजे शाखाप्रमुख. आणि 'निम' हा प्रत्यय आपल्या 'साहेब' या शब्दासारखा हुद्द्यामागे लागतो. कोरियन भाषेत क्रियापदाचे रूपच समोरच्याच्या वयावर आणि दर्जावर ठरते. तेव्हा तोंड उघडले की कोण वर, कोण खाली, हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. कपाटात बंद करून ठेवलेली श्रेणी अशी भाषेच्या वाटेने परत आली. भाषा बाजूला ठेवली तरी शरीरे काही कमी बोलत नाहीत. कोणाचे तळहात घट्ट्यांनी भरलेले, कोणाचे पोट बसून बसून सुटलेले, कोणाच्या छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण. कोणी कोणत्या जिण्यातून आला आहे हे ओळखण्यास सदऱ्याची गरज नव्हती. म्हणीतले पहिले विधान येथेच लंगडे पडले. कपडे काढल्याने माणसे उघडी होतात. सारखी होत नाहीत.

मग येथे काही निराळे घडते असे वाटत होते, ते कोणते? ते कळावयास पुढचा विधी पाहावा लागतो. अर्धा तास ऊन पाण्यात मुरल्यावर कातडी मऊ होते. मग हिरव्या रंगाचे, हाताच्या पंजावर पिशवीसारखे चढविण्याचे एक खरबरीत फडके घेऊन अंग घासावयाचे. हे फडके १९६० च्या दशकात बुसानमध्येच प्रथम निघाले. परंतु इटलीशी असलेल्या कापडाच्या नात्यामुळे त्याला सारा देश 'इटलीचा टॉवेल' म्हणतो. त्याने घासू लागले की अंगावरून करड्या रंगाच्या वळ्या सुटू लागतात. त्यांना कोरियन भाषेत 'त्ते' म्हणतात. आपण त्याला मळ म्हणू. खरे पाहता ती बहुतांशी मेलेली कातडीच असते. नित्य स्नान करणाऱ्या माझ्या अंगावरून तो निघताना पाहून मी चकित झालो. आंघोळीवाचून तोंडात पाणी न घालणाऱ्या घरांत आपण वाढलो. दुसऱ्या प्रांतातील लोकांच्या स्वच्छतेविषयी आपली काही ठाम मते असतात, आणि त्या प्रांतातील लोकांची आपल्याविषयी असतात. ११२३ साली कोरियन माणूस चिन्याला हसत होता, तोच हा जुना खेळ. स्वच्छतेचा अभिमान बहुधा दुसऱ्याच्या अस्वच्छतेवर पोसलेला असतो. ते हिरवे फडके त्या अभिमानाला फारसा वाव देत नाही. ते ज्याच्या त्याच्या अंगावरून ज्याचा त्याचा मळ काढून दाखविते.

दंड, छाती, पोटऱ्या येथपर्यंत माणूस स्वावलंबी असतो. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधला भाग आला की त्याचा हात अपुरा पडतो. मी त्या अवस्थेत असताना शेजारच्या आसनावरील, सत्तरीच्या घरातल्या एका वृद्धाने आपले फडके माझ्यापुढे धरले, स्वतःच्या पाठीकडे बोट दाखविले आणि तो पाठमोरा होऊन बसला. आमच्यात भाषेची देवाणघेवाण होणे शक्यच नव्हते. मी त्याची पाठ घासली. ती म्हातारी, किंचित वाकलेली पाठ होती आणि तिच्यावरून पुष्कळ मळ निघाला. मग त्याने पाणी ओतून घेतले, फडके माझ्या हातून परत घेतले आणि मला वळावयास खुणावले. त्याने माझी पाठ घासली ती माझ्यापेक्षा बरीच जोराने आणि कितीतरी अधिक मन लावून. शेवटी एक तपेलीभर पाणी पाठीवर ओतले, मान हलविली आणि तो आपल्या कुंडाकडे निघून गेला. मी कोण, हे त्याने विचारले नाही. तो कोण, हे मला आजही ठाऊक नाही. यजमानांनी नंतर सांगितले, की अनोळखी माणसांनी अशी एकमेकांची पाठ घासून देणे ही तेथील जुनी पद्धत आहे, आणि अलीकडे ती कमी होत चालली आहे.

पाठ चोळून घेणे आपल्यालाही नवीन नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावताना आपली पाठ आई, बहीण किंवा पत्नी चोळते. परंतु ते नात्याचे हात असतात. त्यांच्यापुढे आपण मूळचेच उघडे असतो. परक्या माणसाला पाठ देणे ही निराळी गोष्ट आहे, आणि परक्याच्या पाठीवरचा मळ आपल्या हाताने काढणे ही त्याहून निराळी. मला वाटते, स्नानगृहातील समता कोठे असेल तर ती या ठिकाणी आहे. सर्वांच्या अंगावर वस्त्र नाही यात ती नाही. प्रत्येकाला पाठ आहे, आणि आपल्या पाठीपर्यंत कोणाचाच हात धडपणे पोहोचत नाही, यात ती आहे. कोणापाशी काय आहे याची मोजदाद करू लागलो की विषमता संपत नाही. सर्वांना कशाची गरज आहे हे पाहिले तर ती पुष्कळ ओसरते.

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्याच दालनाच्या कोपऱ्यात एक उंच बाक होता आणि त्याच्याजवळ आखूड चड्डी घातलेला एक माणूस उभा होता. जो पैसे देईल त्याला त्या बाकावर निजवून नखशिखान्त घासून देणे, हा त्याचा व्यवसाय. त्या दालनात अंगावर वस्त्र असलेला तेवढा एकच माणूस होता, आणि तो तेथला नोकरपेशाचा होता. सर्व समान असलेल्या ठिकाणी ज्याला वेगळे दिसावे लागते तो श्रम करणारा, हे चित्र आपल्या ओळखीचे नाही काय? या लोकांना पूर्वी 'त्तेमिरी' म्हणत. मळ घासणारा, असा त्याचा उघडा अर्थ. तो शब्द हिणकस वाटू लागला म्हणून आता 'सेशिन्सा' असा आदराचा शब्द वापरतात. शब्द बदलावा लागला यातच सर्व काही आले. आपल्याकडेही काही धंद्यांची नावे आपण कितीदा बदलली, आणि धंदे मात्र त्याच माणसांकडे ठेवले.

कोरियाच्या इतिहासात या दुखण्याची मुळे आहेत. चोसन काळात जनावरे कापणारे व कातडी कमावणारे 'बेकजंग' म्हणून ओळखले जात आणि ते गावाबाहेर राहत. इतर माणसांप्रमाणे घोड्याच्या केसांची काळी टोपी घालण्यास त्यांना मनाई होती. बांबूच्या पातींची टोपी घालावी लागे, म्हणजे दुरूनच ओळख पटे. १८९४ च्या सुधारणांनी हा भेद कायद्यातून काढला, परंतु तो व्यवहारातून गेला नाही. त्यांच्या मुलांना शाळेत घेईनात. अखेर १९२३ च्या एप्रिलमध्ये चिंजू शहरात त्यांच्या हक्कांसाठी ह्योंगप्योंगसा ही संस्था निघाली. त्या नावातील 'ह्योंग' म्हणजे तराजूची दांडी. दांडीसारखे समतोल जग, हा तिचा आशय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव संमत झाला, हे आपल्याला माहीत आहे. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. आपण सरकारी माणसे आहोत. ठराव म्हणजे काय आणि अंमलबजावणी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. ठराव कागदावर राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह जाऊन ते पाणी स्वतः ओंजळीत घेतले, तेव्हा त्या तळ्याची पंचगव्याच्या १०८ घागरींनी 'शुद्धी' करण्यात आली. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. पाणी एकच, तळे एकच. परंतु दुसऱ्याच्या अंगाला लागलेले पाणी आपल्या अंगाला लागू नये, या एका हट्टापायी एवढे सारे घडले.

या दृष्टीने पाहिले म्हणजे मळ काढण्याचे काम हलके का ठरते, याचे उत्तर सापडते. मळाला हात लागतो म्हणून ते हलके ठरत नाही. आई तान्ह्याला धुते, परिचारिका रुग्णाला पुसते, आणि त्यांना कोणी हलके म्हणत नाही. जेथे एकाने नेहमी घासावयाचे आणि दुसऱ्याने नेहमी घासून घ्यावयाचे असे कायमचे ठरते, आणि फडके कधीच हात बदलत नाही, तेथे ते काम हलके ठरविले जाते आणि ते करणाऱ्यालाही हलके ठरविले जाते. त्या वृद्धाने माझ्याकडून पाठ घासून घेतली असती आणि तो तसाच उठून गेला असता, तर माझी भावना काय झाली असती? आणि त्याने माझी घासून मला त्याच्या पाठीला हात लावू दिला नसता तर? दोन्ही प्रसंगी आमच्यात एक वरचा आणि एक खालचा निर्माण झाला असता. तो मळामुळे झाला नसता, न झालेल्या परतफेडीमुळे झाला असता. बाकाजवळच्या त्या कसबी माणसाला पैसे मिळतात आणि ते योग्यच आहे. पण त्याची पाठ कोण घासतो, हा प्रश्न त्याने उरतोच.

बुसानच्या बाजूला या अडचणीवर यंत्राचाही उपाय निघाला आहे. भिंतीला बसविलेली, त्याच खरबरीत फडक्याने मढविलेली एक गोल तबकडी फिरत असते. तिला पाठ लावून उभे राहावे, इकडे तिकडे अंग हलवावे, की काम झाले. कोणाला विनवणे नको, कोणाची परतफेड नको. हे यंत्र सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु त्याने पाठ स्वच्छ होते आणि माणूस एकटा राहतो. आता घरोघर गरम पाणी आले आहे, जुनी स्नानगृहे एकामागून एक बंद पडत आहेत, आणि २०२० च्या साथीने त्यांना आणखी धक्का दिला. सुबत्ता वाढली की दुसऱ्याला 'जरा पाठ घासा' म्हणण्याचे प्रसंग कमी होतात. ही सुखाचीच गोष्ट आहे. पण तिची किंमत काय, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही.

आता त्या म्हणीकडे वळू. तिचे पहिले विधान लंगडे आहे हे दिसलेच. दुसरे तर उलटे आहे. स्नानगृहात सगळे उघडे असतात म्हणून कोणी कोणाला काही म्हणू नये, असे होत नाही. सगळे उघडे असतात म्हणूनच एकमेकांच्या पाठीवरचा मळ काढता येतो. काढणाऱ्याला तो दिसतो; तो हसत नाही, नाक मुरडत नाही, आणि 'असू द्या, सर्वांच्याच पाठीवर असतो' म्हणून सोडूनही देत नाही. त्याला ठाऊक असते, की अजून काही क्षणांनी आपल्यालाही वळून बसावयाचे आहे. हे भान त्याच्या हातात नम्रता आणते, पण हात ढिला पडू देत नाही. कचेरीतल्या आपल्या हमामात उणीव नेमकी हीच आहे. तेथे सर्वांना सर्वांचे दिसते, आणि कोणीच फडके उचलत नाही.

आपल्या नोकरीत एकमेकांची पाठ पाहण्याची एक अधिकृत सोय आहे: गोपनीय अहवाल. फार वर्षे तो वरिष्ठाने लिहावयाचा, आणि प्रतिकूल शेरा तेवढा कनिष्ठाला कळवावयाचा, अशी रीत होती. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधिताला कळविला पाहिजे असे ठरविले, आणि पाठीमागे लिहिलेले समोर येऊ लागले. ही मोठीच सुधारणा होय. तथापि अहवाल वरून खाली जातो. खालून वर जात नाही. फडके तेथेही हात बदलत नाही. जसजसा हुद्दा वाढतो तसतशी आपल्या पाठीकडे पाहणारी माणसे कमी होत जातात, आणि सर्वोच्च पायरीवर ती बहुधा कोणीच नसतात. तेथे पाठ स्वच्छ असते म्हणून नव्हे. सांगणारा नसतो म्हणून.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणां मंडळींना ही उणीव अधिक जाणवावी. गावी थोरला भाऊ असतो, मामा असतो, शाळेतला एखादा मित्र असतो. तो आपल्याला अजून घरच्या नावाने हाक मारतो आणि चारचौघांत 'फार शहाणपणा करू नकोस' असे बजावतो. त्याला आपला हुद्दा पाठ नसतो आणि आपली पाठ मात्र माहीत असते. तीन-तीन वर्षांनी बदलीच्या गावी जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला असा कोणी येत नाही. तेथे तो पहिल्या दिवसापासून साहेब असतो. शेजारी साहेब म्हणतात, दुकानदार साहेब म्हणतो, आणि काही वर्षांनी घरातली माणसेही विनोदाने का होईना तेच म्हणू लागतात. तो एकलेपणाची तक्रार करतो तेव्हा त्याला वाटते की आपल्याला आपली भाषा, आपले जेवण, आपली माणसे मिळत नाहीत. ते खरे आहेच. परंतु त्याहून मोठी वाण ही असते, की ज्याच्यापुढे निःशंकपणे पाठ करून बसावे असा परका माणूस त्याने त्या गावात जोडलेला नसतो.

असा माणूस आयता भेटत नाही. त्यासाठी आधी आपण कोणाची तरी पाठ घासावी लागते, आणि मग वळून बसावे लागते. यांपैकी पहिली गोष्ट आपल्याला फारशी जड जात नाही. दुसऱ्याच्या उणिवा दाखविणे हा तर आपल्या कामाचाच भाग आहे. जड जाते ते वळून बसणे. सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुद्दा कायमचा खुंटीवर राहतो. हे काम तोपर्यंत लांबणीवर टाकले, तर त्या दिवशी पाठीला हात लावावयास कोणी असेल, याचा भरवसा कोणी द्यावा?